माणसं वाढली म्हणून पाणी आटलं का?

या वेळच्या टपालात पाच पत्रं अशी निघाली की ती वेगवेगळी ठेवावीशी वाटली नाहीत, सगळी फिरून फिरून पाणी, नदी, दुष्काळ आणि माणसांची संख्या इथेच येतात. दोघांनी नाव छापू नका असं लिहिलंय म्हणून कुणाचंच छापत नाही, फक्त तालुका देतो.

प्रश्न (यावल तालुका): भाऊ, आजोबांच्या वेळी आमच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होतं. वडिलांनी दोनशे फुटांचा बोअर केला. मी मागच्या उन्हाळ्यात साडेसहाशे फुटांपर्यंत गेलो, तीन बोअर मारले, दोन कोरडे गेले, डोक्यावर कर्ज झालं ते वेगळंच. वडील म्हणतात गावात माणसं किती वाढली बघ, पाणी पुरणार कुठून. मला हे अर्धं पटतं, अर्धं पटत नाही. खरं काय?

उत्तर: भाऊ, जे अर्धं पटत नाहीये ना तुम्हाला, तेच धरून ठेवा. आपण साधा हिशोब करू. केळी पाच बाय पाचवर लावली तर एकरात साधारण 1,740 खोडं बसतात. मे महिन्यात, आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, ड्रिप असलं तरी एका खोडाला दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी द्यावं लागतं. म्हणजे एका एकराला रोज जवळपास 35,000 लिटर. आता जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाच्या सरकारी योजनेत, खेड्यातल्या माणसाला रोज 55 लिटर धरलेत, 35,000 ला 55 ने भागून बघा, सहाशेच्या वर माणसं येतात. तुमच्या एका एकर बागेला मे महिन्यात जितकं पाणी लागतं तितक्यात सहाशे माणसांचं गाव अंघोळ, धुणं, स्वयंपाक सगळं उरकेल. गावात दहा घरं वाढली म्हणून तुमचा बोअर कोरडा गेला असं कसं म्हणायचं?

यात केळीवाल्याला दोष देतोय असं कृपा करून समजू नका. माझ्या मामाचं गाव रावेर तालुक्यात, त्यांच्या केळीच्या पैशातून आमच्या घरातली दोन लग्नं झालीत, मी पोहायला शिकलो ते मामाच्याच विहिरीत, कमरेला डबा बांधून. ज्वारीला, भुईमुगाला केळीसारखा पैसा मिळाला असता तर कोण एवढा जीव टांगणीला लावून बाग करेल. पण पाणी कुठे जातंय ते आधी खरं खरं बोलायला पाहिजे, नाहीतर आपण पोराबाळांना दोष देत बसतो आणि खालचं पाणी चाललंय ते चाललंयच.

आता जमिनीचं बघा. तुमचा पट्टा खानदेशात वेगळा आहे. धुळ्याकडे, साक्रीकडे खाली काळा खडक, तिथे पाणी फटींमध्ये थोडं थोडं साठतं. तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटे, वाळू, मुरूम यांचा जाड थर आहे, डोंगरातून उतरलेला नाला तिथे आला की गडप होतो, तुम्ही लहानपणी बघितलंच असेल, वर खळखळ पाणी आणि दोन किलोमीटर खाली कोरडं पात्र. हाच पट्टा म्हणजे पाणी आत जायचं दार. पुढे तापीच्या दिशेने चिकणमातीचे थर लागतात, तिथे वरून कितीही पाऊस पडो, खाली फारसं मुरत नाही. म्हणजे अख्ख्या यावल-रावेरच्या खालचं पाणी बहुतेक त्या पायथ्याच्या चिंचोळ्या पट्टीतून भरतं आणि उपसतो मात्र आपण सगळीकडून. भूजलाच्या सरकारी यादीत हे दोन्ही तालुके अतिशोषित, म्हणजे मुरतं त्यापेक्षा जास्त उपसणारे, म्हणून आलेले आहेत ते यामुळेच.

मोटेच्या काळात बैल दमायचे, मोट सुटायची, विहिरीला उसंत मिळायची. मोटर दमत नाही. रात्री बारा वाजता लाईट आली की पाचशे मोटरी एकदम सुरू होतात आणि सगळ्या एकाच हौदातून ओढतात, शेजाऱ्याने सातशे फूट मारला की तुमचा साडेसहाशेचा कोरडा, मग तुम्ही आठशे मारणार, त्याला तो हजार. याला शेवट नाही भाऊ, आणि कर्जालाही नाही.

मग करायचं काय? चौथा बोअर मारू नका, ही पहिली विनंती. दुसरं, कोरड्या बोअरचा पुनर्भरणासाठी, म्हणजे पाणी परत जमिनीत मुरवायला, उपयोग होतो पण पावसाचं गढूळ पाणी सरळ आत सोडायचं नाही, गाळ बसून बोअर कायमचा बुजतो, आधी गाळ बसायला खड्डा, मग दगड, खडी, वाळूची गाळणी, मग बोअर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस जळगावला आहे, तिथून माणूस बोलवा, जागा त्याला दाखवा. तिसरं, पायथ्याच्या नाल्यात पाणी अडवून मुरवायचं काम एकट्याने होत नाही, त्याला चार गावं लागतात. तापी मेगा रिचार्ज म्हणून जमिनीत पाणी मुरवायची जी मोठी योजना आपण वर्षानुवर्षं ऐकत होतो तिचा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात मे 2025 मध्ये करार झाला, चांगलं झालं, पण ते पाणी येईपर्यंत बागा तशाच वाढत राहिल्या तर आलेलं पाणी पण पुरणार नाही. शिरपूर तालुक्यात 2004 पासून नाले रुंद आणि खोल करून पाठोपाठ बंधारे बांधले, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांचं ते काम, तिथल्या गाळाच्या जमिनीत त्याचा फायदा दिसला. मात्र तोच नमुना उचलून कुठेही काळ्या खडकात खोल खणत सुटले त्यावर टीकाही झाली, ती मला बरोबर वाटते, खाली काय आहे ते न बघता खणायचं नसतं.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त शिक्षक): पूर्वी माणसं कमी होती, जंगल होतं, नद्या बारमाही होत्या, म्हणून आपत्तीही कमी होत्या, असं मी वर्गात शिकवत आलो. माल्थसचं पण म्हणणं तेच होतं ना, लोकसंख्या अन्नापेक्षा जास्त वेगाने वाढते आणि मग दुष्काळ, रोगराई येऊन ती कमी होते? नातू म्हणतो आजोबा हे चुकीचं आहे. कोण बरोबर?

उत्तर: गुरुजी, माफ करा पण नातवाच्या बाजूने कौल द्यावा लागतोय. माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1798 मध्ये ते मांडलं, आणि त्यानंतर पाचच वर्षांनी आपल्या खानदेशात काय झालं ते बघा. 1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला, उभी पिकं, बैल, बियाणं काही ठेवलं नाही, त्यावर पावसाने दगा दिला आणि 1803-04 चा दुष्काळ पडला. पुढे पेंढाऱ्यांचा धुमाकूळ. 1818 मध्ये इंग्रज आले तेव्हा गावंच्या गावं ओसाड होती, विहिरी बुजलेल्या, रानात झुडपं माजलेली. तेव्हा माणसं कमी होती, जंगल भरपूर होतं, नद्या वाहत्या होत्या. तरी माणसं मेली, कारण पाऊस गेला तेव्हा हातात धरून राहायला घरात काही उरलंच नव्हतं.

मग 1899-1900, आपल्या आजी-पणजी ज्याला छप्पन्या म्हणायच्या, संवत 1956 म्हणून. तेव्हा भुसावळचं जंक्शन होतं, रेल्वे होती, बाहेरून धान्य येऊ शकत होतं. पण मजुराच्या हाताला काम नाही, काम नाही म्हणून पैसा नाही, समोर धान्याचं पोतं दिसत असून विकत घेता येत नाही. त्यात पटकी, म्हणजे कॉलरा. 1901 च्या जनगणनेत अख्ख्या खानदेशात 14 लाखांच्या आसपास माणसं होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी.

आणि 1972. ते मला आठवतं, मी लहान होतो, आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, मी तिच्या फडक्याच्या सावलीत बसायचो, सुकडी मिळायची ती खायचो, लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही. वाईट दिवस होते, जनावरं गेली, गावं मुंबई-सुरतेला गेली. पण छप्पन्यासारखी माणसं मेली नाहीत. का? माणसं तर 1900 पेक्षा कितीतरी जास्त होती. पाऊसही गेलाच होता. फरक एवढाच की मागेल त्याला काम ही गोष्ट सरकारने धरून ठेवली, मे 1973 च्या सुमाराला राज्यात 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून 2011 ला 79 लाख माणसं मोजली गेली, 1901 च्या साडेपाच पट. माल्थसच्या हिशोबाने आपण केव्हाच संपायला हवे होतो.

याचा अर्थ संख्येचा काहीच भार नाही असं मी म्हणत नाही गुरुजी, माणसं वाढली की सरपण लागतं, घरं लागतात, नदीकाठ भरतो. पण पाऊस न पडणं ही एक गोष्ट आणि दुष्काळात माणूस मरणं ही दुसरी, या दोन्हींच्या मधे जे काही असतं, धान्य कुणाकडे, काम कुणाला, विहीर कुणाची, ते सगळं माणसांनी केलेलं असतं. वर्गात हे असं सांगितलं असतंत तर पोरं आणखी प्रश्न विचारत बसली असती, नातू बसलाय तसा.

आणि एक, तुमच्या अमळनेरहून पांझरा काही लांब नाही. पांझरेवर, तिकडे मोसमवर, फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्याचा पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, एकीकडे ऊस, एकीकडे ज्वारी, दरवर्षी फेरपालट. यातली खरी अक्कल कुठे आहे सांगू, प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी आलं तर भिजणारा फड कमी करायचा, म्हणजे तूट सगळ्यांना सारखी, कुणा एकाचं शेत वाळायचं आणि शेजारचं डोलायचं असं होत नाही. पाटकरी पाणी द्यायचा, शेतकऱ्याने स्वतः बारं फोडायचं, म्हणजे पाट फोडून पाणी घ्यायचं, नाही. वरच्या अंगाला धरणं आली, घरोघरी विहिरी आणि मोटरी आल्या, ज्याला त्याला स्वतःचं पाणी झालं आणि फड मोडत गेले. सामायिक गोष्ट लोक ओरबाडूनच खातात असं म्हणणाऱ्यांना खोटं ठरवलं म्हणून एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आपल्या पांझरेकाठच्या पाटकऱ्याला ते आधीपासून माहीत होतं.

प्रश्न (एरंडोल तालुका): गिरणेची वाळू काढतात त्यावर एवढी ओरड का? वाळू दर पुराला नवीन येतेच की.

उत्तर: यायची, आता तेवढी येत नाही. वर चणकापूर, मग 1969 चं गिरणा धरण, वाळू त्यांच्यामागे अडते, खाली येतं ते पाणी. म्हणजे डंपर भरून जातेय ती बहुतेक जुनीच साठवण. आणि वाळू म्हणजे नदीची पाण्याची टाकी आहे हो, पात्र कोरडं दिसतं तेव्हा पण वाळूच्या पोटात पाणी असतं, काठच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी त्याच्यावर चालतात. वाळू गेली, खालचा खडक उघडा पडला की पूर आला काय आणि गेला काय, थांबायला काही नाही. पुलांचे पाये उघडे पडतात ते वेगळं. मार्च-एप्रिलात तुमच्या गावच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल तर त्या ओरडीत तुम्ही पण सामील व्हायला पाहिजे असं मला वाटतं.

प्रश्न (चाळीसगाव, दुकानदार): 31 ऑगस्ट 2021 च्या पहाटे माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. सगळा माल गेला. जो तो म्हणतो निसर्गाचा कोप. पण मग दर पावसाळ्यात पोटात गोळा का येतो? निसर्ग आमच्याच मागे लागलाय का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून त्या सकाळचे फोटो परत डोळ्यांसमोर आले, गोठ्यात खुंट्याला बांधलेली जनावरं, दावं सोडायला कुणाला वेळच मिळाला नाही. शेकडो जनावरं गेली त्या रात्री. कन्नड घाटात दरडी कोसळून गाड्या अडकल्या ते पण त्याच रात्री.

पाऊस खरंच अफाट होता, ते नाकारता येणार नाही. पण पाऊस पडला डोंगरावर आणि माणसं बुडाली गावात, मधलं अंतर बघा. गौताळा-पाटणादेवीच्या त्या रांगा सरळ कड्यासारख्या उतरतात, तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या आखूड, डोंगरात ढग रिकामा झाला की काही तासांत पाणी शहरात, आणि शहर बसलंय दोघींच्या संगमाशी. पूर्वजांनी जागा चुकवली असं नाही, पाण्यासाठीच ते तिथे बसले. पण त्यांनी नदीला तिची जागा ठेवली होती. नंतर पात्रात भराव आले, टपऱ्या आल्या, पक्की बांधकामं आली, काटेरी बाभळी माजल्या, कचरा टाकला, पुलाच्या कमानीत सगळं अडकायला लागलं. कमी पात्रातून जास्त पाणी जायचं म्हटलं तर ते वरच चढणार, दुसरं करणार काय.

पूररेषा असते, निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाचा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको असा नियम. तुमचं दुकान कुठल्या रेषेत येतं ते नगरपालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात जाऊन नकाशावर बघा, लाजू नका, तुमचा हक्क आहे. आणि एक गोष्ट मला फार लागते, रेषेच्या आत राहतं कोण? ज्याला वरच्या प्लॉटचा भाव परवडत नाही तो. बंगलेवाल्याच्या घरात ओल येते, झोपडीवाल्याचं घरच जातं, आणि मग पंचनाम्यात त्याच्याकडे जागेचा कागद नसतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दुकानाच्या पॉलिसीत पूर येतो का ते विमेवाल्याकडून लेखी घ्या, बऱ्याच जणांची पॉलिसी फक्त आगीची निघते. महागाचा माल जून ते सप्टेंबर पोटमाळ्यावर. हिशोबाच्या वह्यांचे फोटो मोबाईलमध्ये. आणि पायथ्याच्या दोन-तीन गावांतल्या पोरांचे नंबर घेऊन व्यापारी मंडळाचा ग्रुप करा, डोंगरात नाला फुगला की रात्री दोनला पण फोन आला पाहिजे. पाण्याला शहरात यायला जे काही तास लागतात ना, त्या तासांत दावी सुटतात.

प्रश्न (साक्री तालुका, बारावीची विद्यार्थिनी): सर, मला पर्यावरणाच्या प्रोजेक्टला लोकसंख्या आणि नैसर्गिक संसाधनं असा विषय आलाय. नेटवरून सगळे तेच तेच उतरवतात. मला आपल्या इथलं काहीतरी करायचंय. आणि नैसर्गिक आपत्ती या शब्दातच चूक आहे असं मॅडम म्हणाल्या, ते कसं?

उत्तर: बेटा, मॅडमना माझा नमस्कार सांग. भूकंप नैसर्गिक, आपत्ती पूर्ण नैसर्गिक नसते, असं त्यांना म्हणायचं असणार. 30 सप्टेंबर 1993 ला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, पहाटे, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्या सातपुड्यात पण 14 मार्च 1938 ला सहाच्या वरचा भूकंप झाला होता, त्याचं नाव पण कुणाला आठवत नाही. सातपुड्याचा जमिनीत खूप खोल होता आणि किल्लारीचा अगदी वरवर, हा मोठा फरक आहे, तो प्रोजेक्टमध्ये लिहायला विसरू नको. पण किल्लारीत माणसं मारली ती दगड-मातीच्या जाडजूड भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या धाब्याने. भूकंपाने भिंत हलवली, भिंत तशी आपण बांधली होती.

विषयासाठी तुला लांब जायची गरजच नाही, बारीपाडा तुझ्याच तालुक्यात आहे. नव्वदच्या दशकात तिथला डोंगर बोडका होता, पाण्याचे हाल होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, नियम मोडला तर दंड, आणि अकराशे एकरांच्या आसपास जंगल राखलं. आज ते गाव शेजारच्या गावांना पाणी देतं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या काळात गावातली माणसं कमी नाही झाली, नियम बदलले. तिकडची रानभाज्यांची स्पर्धा जमली तर बघून ये, भाज्यांची नावं लिहून घे, त्यातल्या निम्म्या माझ्या आईला माहीत होत्या आणि मला नाहीत.

आणि प्रोजेक्ट म्हणून हे कर. गावातल्या दहा विहिरी निवड, पाच जंगलाच्या बाजूच्या आणि पाच लांबच्या. सुतळीला दगड बांध, दर फुटाला गाठ मार, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत किती फूट ते मोज, मोटर बंद असताना सकाळी मोजायचं, मोटर चालू असली की आकडा चुकतो. प्रत्येक विहिरीवर किती एकर भिजतं, कुठलं पीक, आणि त्या घरात किती माणसं, हे तिन्ही आकडे समोर लिही. माणसं आणि पाण्याची खोली यांचा काही मेळ बसतो का, की पिकाचा बसतो, ते तुझं तूच बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नको. एकटी विहिरीवर वाकू नको, घरातलं कुणीतरी सोबत घे. पहिला आकडा दिवाळीनंतर लगेच, दुसरा होळीच्या आसपास, तिसरा मे महिन्यात, आणि वही मला पाठव.